चिकनगुनियानंतर केस गळतात: गोळीवर आळ घेण्याआधी

ताई, तुमचं म्हणणं मला असं समजलं. पोळ्याच्या सुमारास चिकनगुनिया झाला, ताप उतरला पण सांधे धरलेलेच राहिले. म्हणून सोयाबीनची सवंगणी होईपर्यंत ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची दुखण्याची गोळी रोज घेतली, ती अजून सुटलेली नाही. आता मार्गशीर्षात कंगव्याला पुंजकेच्या पुंजके येताहेत, आणि शेजारच्या काकू म्हणतात, "गोया खाल्ल्यानंच केस गयते." गोळी सोडून सासूबाईंची गुडघ्याची पुडी घ्यावी का, हा तुमचा प्रश्न.

माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून झाली. केसांची तक्रार आली की मी आधी एकच विचारायचो: गळायला लागले त्याच्या तीन महिने आधी काय झालं होतं?

डोक्यावरचे दहातले जवळपास नऊ केस वाढीला लागलेले असतात, उरलेले विश्रांतीत. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण असं काही झालं की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात. पण ते त्याच आठवड्यात गळत नाहीत. दोन-तीन महिने मुळाशी तसेच बसून राहतात आणि मग सुटतात. म्हणूनच माणूस तापाला विसरलेला असतो अन् डोळ्यासमोर असलेल्या गोळीवर आळ येतो. तुमचा ताप पोळ्याचा, केस मार्गशीर्षातले. हिशेब तापाशीच जुळतो. २०२४ मध्ये नागपूरकडं चिकनगुनिया वाढला, त्यानंतरही हीच तक्रार घेऊन बाया येत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी जणींनी दुखण्याची गोळी घेतलेलीच नव्हती.

काकू अगदीच खोटं बोलत नाहीत. इबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या तुमच्या गोळीच्याच जातीच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात केस गळण्याचा उल्लेख असतो, पण शंभरात एकापेक्षाही कमी जणांना, असा. दुखण्यासाठीच दिली जाणारी दुसरी काही औषधं मात्र खरंच केसांवर येतात. संधिवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, अर्धशिशीसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट, क्वचित नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन त्यातली. आपल्या गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरं पुष्कळ, तिथं त्यासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियानं केस विरळ झाल्याचं ऐकू येतं. हे वाचून कुणी त्यातलं औषध परस्पर बंद करू नका. सिकलसेलच्या पोराला केसांपायी पुन्हा दुखण्याचा झटका आणणं हा कुठला व्यवहार? डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतात, मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक ॲसिड देतात.

आता तुमची गोळी. सांधे मोकळे झाले असतील तर ती आता बंदच करा, पण केसांसाठी नाही, किडनी आणि पोटासाठी. असल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन वावरात उन्हात राबायचं, पाणी कमी प्यायचं, यानं किडनीवर ताण येतो. बीपी-शुगरवाल्यांना धोका आणखी. शौच डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी हातात देतो, हे सांगत नाही. दुखणं उरलंच असेल तर नुसती पॅरासिटामॉल पुरते का ते डॉक्टरांना विचारा.

घरी एक करून बघा. पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढा. सहा-सातपेक्षा जास्त केस हातात आले आणि टोकाला पांढरा ठिपका दिसला, तर बहुतेक ही तापानंतरचीच गळती. ती साधारण सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो, तेव्हा वेणी पहिल्यासारखी व्हायला वेळ लागणारच. महागड्या तेलानं तो वेग वाढत नाही. त्या पैशात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच बायांचं रक्त मुळात कमी असतं, त्यात ताप आला की केस आणखी जातात. गोल चट्टे पडले, टाळूला खाज-खवले असले, किंवा सहा महिन्यांनीही गळती चालूच राहिली तर त्वचारोगाच्या ओपीडीत जा, सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, जे जवळ पडेल ते.

शेगावसारखं तर नाही ना, असंही तुम्ही विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांतच टक्कल पडत होतं, एकेका गावात अनेकांना. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या मूलद्रव्याकडं बोट दाखवलं होतं. तुमच्या घरात एकट्या तुम्हालाच, तेही तापानंतर तीन महिन्यांनी. तो प्रकार वेगळा.

राहिली सासूबाईंची पुडी. ती अजिबात घेऊ नका. बाजारात बसून विकणाऱ्याची बिनलेबलची पुडी दोन दिवसांत गुडघा मोकळा करत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. सासूबाईंचा चेहरा गोल, फुगल्यासारखा झालाय का, शुगर वाढलीय का, ते पाहा. पण त्यांची पुडी एकदम बंद करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, अचानक थांबवलं तर चक्कर, उलट्या, बीपी कोसळणं, काहीही होऊ शकतं. पुडी कागदासकट ग्रामीण रुग्णालयात दाखवा, ते हळूहळू कमी करायला लावतील. आणि कुठल्याही औषधाचा त्रास कळवायचा असेल तर सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे, रुग्णानं स्वतः फोन केला तरी नोंद घेतात.