हरळी उपटणाऱ्या घरातला मुलगा हरळी लावायला निघाला

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. मुलानं सिव्हिलचा डिप्लोमा केला, वर्षभर एका बिल्डरकडे काढलं, आणि आता मैदानांचं नूतनीकरण करणाऱ्या कंपनीनं त्याला साइट सुपरवायझर म्हणून बोलावलंय. तुम्ही लिहिता, "हरळी खणण्यात आमच्या दोन पिढ्यांच्या कमरा गेल्या, आणि हा हरळी लावायला निघालाय. भावकीत सांगू काय?" वहिनींना तर टर्फ म्हणजे रात्री दिवे लावून पोरं क्रिकेट खेळतात तेवढंच ठाऊक आहे.

वहिनींना सांगा, ते प्लॅस्टिकचं गवत. तोही याच धंद्याचा भाग, पण तुमच्या पत्रावरून मुलाचं काम खऱ्या गवताचं दिसतंय. आणि हरळीबद्दल तुम्ही गमतीनं लिहिलंत ते अगदी खरं आहे. मैदानावर ज्याला बर्म्युडा म्हणतात ते हरळीचंच कूळ. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही त्यातल्याच. कापली की जोमानं फुटते, तुडवली तरी मरत नाही, म्हणून शेतात ती वैरी. मैदानाला नेमकी तीच खोड हवी असते.

पण या कामात गवत सगळ्यात शेवटी येतं. आधी जुना थर खरवडायचा, जमिनीला उतार द्यायचा, चर खणून भोकांचे पाइप टाकायचे, त्यावर खडी, खडीवर वाळू, वाळूत स्प्रिंकलरची लाइन. मग कुठे हरळीच्या कांड्या लावायच्या नाहीतर तयार गालिचा अंथरायचा. मैदान चांगलं की वाईट हे पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळात खाली उतरतं यावर ठरतं. २०१७ साली बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाखाली तर पाणी यंत्रानं ओढून घेण्याची सोय केली.

आता तुमच्या मुलाचा हिशेब कुठे लागतो ते बघा. मध्यापासून सीमारेषेपर्यंत ७० मीटर धरले तर मैदान होतं साधारण १५,४०० चौरस मीटर. त्यावर वाळूचा थर एका इंचानं चुकला तर फरक पडतो जवळजवळ १३८ ब्रासचा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). म्हणजे लेव्हल घेताना एक बेंचमार्क, म्हणजे ज्यावरून सगळ्या उंच्या मोजतात ती खूण, चुकीची धरली की मालकाचे किंवा कंपनीचे लाखो रुपये मातीत. सुपरवायझरला पगार मिळतो तो मुख्यतः हे होऊ न देण्याचा.

दुसरी जागा गेटवरची. वाळूचा डंपर आला की चांगला सुपरवायझर आधी पावती बघत नाही, बाटली काढतो. पाण्याच्या साध्या बाटलीत मूठभर वाळू टाकायची, वर पाणी, जोरात हलवायची आणि उन्हात धरायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते. वरचं पाणी तासाभरानंही गढूळच असेल तर वाळूत गाळ आहे, आणि तो गाळ दोन पावसाळ्यांत खालच्या वाटा बुजवणार. ड्रायव्हर कुरकुरतो, मागे तीन डंपर उभे राहतात, कंत्राटदाराचा फोन येतो. तरीही गाडी परत पाठवता आली पाहिजे. बावीस वर्षांच्या पोराला हे जड जातं. लेव्हल मशीन कुणीही शिकवेल, गाडी परत पाठवणं शिकवता येत नाही. वाहतुकीचा पासही त्यानंच तपासायचा. विनापरवाना वाळू साइटवर सापडली तर तहसीलदारांची माणसं आधी त्यालाच विचारतील.

मला खरी काळजी वाटते ती वेळापत्रकाची. आयपीएल मेअखेरीपर्यंत चालतं, देशांतर्गत हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. म्हणजे मोठ्या मैदानाला हात लावायला मोकळा वेळ मिळतो तो नेमका आपल्या पावसाळ्यात. हरळीला पाऊस मानवतो, पण जेसीबी चिखलात रुततो. घाई केली तर काय होतं ते धरमशालेनं दाखवलं. २०२३ मध्ये तिथलं मैदान नव्यानं केलेलं होतं, थंडीत गवत पुरेसं दाट झालं नाही, आणि मार्चमधली भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी इंदूरला हलवावी लागली. गवत कुणाच्या तारखेला बांधील नसतं हे तुम्हाला सांगायला नको.

मुलाची बाजू भक्कम आहे ती लेव्हल, मोजमाप आणि मजूर सांभाळण्यात. कमी पडेल ते गवताचं ज्ञान. लव्हाळा कसा आवरायचा, बुरशी कशी ओळखायची, खत कधी थांबवायचं. पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे, तिथे हिरवळीच्या गवतावरही काम होतं. तिथल्या प्रशिक्षणांवर त्यानं नजर ठेवावी. बीसीसीआय क्युरेटरांसाठी, म्हणजे खेळपट्टी राखणाऱ्यांसाठी, परीक्षा घेतं, पण त्याची वाट राज्य संघटनेतून जाते आणि ती पुढची गोष्ट. आत्ता त्यानं एवढंच लक्षात ठेवावं की मधली बावीस यार्डं क्युरेटरची. तिथे न विचारता पाय ठेवला तर पहिल्याच आठवड्यात वैर. पुढे प्रोजेक्ट मॅनेजर होता येतं, गोल्फ कोर्सवर जाता येतं. गोल्फवाले गवताच्या माणसाला क्रिकेटवाल्यांपेक्षा जास्त जपतात, असं माझं मत.

होकार देण्याआधी कंपनीला चार गोष्टी विचारायला लावा, आणि उत्तरं लेखी घ्या. एक मैदान संपल्यावर दुसरं सुरू होईपर्यंत पगार चालू राहतो का? राहण्याजेवणाचा खर्च कुणाचा? पीएफ आणि अपघात विमा आहे का? चौथा प्रश्न महत्त्वाचा, आणि पोरं नेमका तोच विसरतात: गवत लावून झाल्यावर ते धरेपर्यंत त्याला साइटवर ठेवणार, की वाळू पसरली की दुसरीकडे पळवणार? दुसरं असेल तर तो मातीकामाचाच मुकादम राहील. निदान एक मैदान खरवडण्यापासून पहिल्या कापणीपर्यंत त्यानं बघितलंच पाहिजे. पगार थोडा कमी असला तरी चालेल.

माझं मत विचाराल तर जाऊ द्या. दोन हंगाम करू दे. नाही जमलं तर डिप्लोमा कुठे पळून जात नाही.

आणि निघायच्या आधी आठवडाभर त्याला तुमच्याबरोबर रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, न्या. पाणी कुठल्या वाफ्यात तुंबतं, कुठून फुटतं, एवढं त्याला तुमच्या मागे उभं राहून बघू दे. भावकीला काय सांगायचं ते तो परत आल्यावर ठरवू.

तुमची,
करिअर मार्गदर्शक ताई