कानाच्या मशीनसाठी पोस्टातली ठेव मोडावी का?

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका काकूंचं पत्र आलं आहे. वय ७२, सरकारी शाळेतून निवृत्त, पेन्शन महिन्याला ४१ हजार. काका ७६ वर्षांचे. खासगी नोकरी, त्यामुळे पेन्शन नाही. घर स्वतःचं. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये, दीड वर्षापूर्वी ८.२ टक्क्यांनी ठेवलेले. बँकेत दोन-दोन लाखांच्या तीन एफडी, त्यातल्या एकीची मुदत दोन महिन्यांनी संपते. दोघांचा मिळून पाच लाखांचा मेडिक्लेम.

दुकानाने भरवलेल्या मोफत शिबिरात कान तपासले, तेव्हा दोन्ही कानांत ५५ डेसिबलच्या आसपास दोष निघाला. दुकानदाराने जोडीचे दोन भाव सांगितले: २ लाख ४० हजार आणि १ लाख १५ हजार. महागडी जोडी बारा हप्त्यांत मिळेल, किंवा आत्ता त्यातलं एकच मशीन घ्या, दुसरं पुढे बघू, असंही तो म्हणाला. पुण्याचा मुलगा म्हणतो, दिवाळीत इकडे ये, मी घेऊन देतो. शेजारणीने ऑनलाइन अडीच हजारांचं मशीन दाखवलं. काकूंचा प्रश्न असा की पोस्टातली ठेव मोडून चांगलं घ्यावं, की अडीच हजारांत भागवावं? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘आता किती दिवस राहिलेत, माझ्या कानांवर एवढा खर्च कशाला?’

काकू, या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण हिशेब तिथेच अडलाय. तुमच्या घरात बँकेचे फोन कोण घेतं? काकांच्या गोळ्या बदलल्या की डॉक्टरांचं कोण ऐकून घेतं? पत्रावरून तरी सगळं तुम्हीच करता असं दिसतंय. दोन माणसांचं घर तुमच्या कानांवर चाललं आहे. ‘सकाळी अर्धी’ म्हटलेलं नीट ऐकू आलं नाही, तर त्याची किंमत कुठल्याही मशीनपेक्षा जास्त होऊ शकते. तेव्हा खर्च करायचाच. किती करायचा आणि कुठल्या पैशातून, एवढंच आपण ठरवू.

पोस्टातल्या ठेवीला हात लावू नका. त्या योजनेत थोडी रक्कम काढायची सोय नाही, बंद करायचं तर अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष उलटून दोन वर्षं व्हायच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे तुमचे साडेबावीस हजार जातील. उरलेले पैसे पुन्हा ठेवायला गेलात तर त्या दिवशीचा दर मिळेल, तो ८.२ असेलच असं नाही. आज त्या खात्यातून दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. तुमच्यानंतर काकांच्या आधारालाही हे मुद्दल लागेल.

हप्त्यांचंही तसंच. २ लाख ४० हजारांचे बारा हप्ते म्हणजे महिन्याला २० हजार, जवळजवळ अर्धी पेन्शन. बिनव्याजी हप्ता म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुमच्या हातून गेलेली असते, वर प्रोसेसिंग फी असते ती वेगळी. आधी रोखीचा भाव विचारा. या धंद्यात छापील किमतीवर घासाघीस चालते, संकोच करू नका.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. कानाचं मशीन आयुष्यात एकदाच घेऊन भागत नाही. दिवसभर घाम, तेल, कानातला मळ आणि पावसाळ्याची दमट हवा सोसत ते साधारण पाच वर्षं चालतं. कुणाचं सहा चालतं, कुणाचं चारच. म्हणजे ७७ व्या वर्षी दुसरी जोडी लागेल आणि ८२ व्या वर्षी तिसरी. महागड्या तीन जोड्या आजच्याच भावाने सव्वासात लाखांच्या घरात जातात, मधल्या भावाच्या, म्हणजे १ लाख १५ हजारांच्या, तीन जोड्या साडेतीन लाखांत बसतात. आज कसंबसं जमवून २ लाख ४० हजारांचं घेतलं आणि ७७ व्या वर्षी तसं दुसरं घेणं झालं नाही, तर तेव्हा तुम्ही बिनमशीनच्या राहाल, आणि त्या वयात ते आजच्यापेक्षा जड जाईल. म्हणून माझा नियम एकच: पाच वर्षांनी पुन्हा न कुरकुरता घेता येईल, त्याच भावाचं मशीन आज घ्या.

तुमच्यासाठी ती मधली जोडी आहे. १ लाख १५ हजार पाच वर्षांवर पसरले तर वर्षाला २३ हजार. सेलवर चालणारं घेतलंत तर आठवड्याला एका कानाला एक सेल धरा, दोन कानांचे वर्षाला शंभरेक. सहा सेलचं पाकीट साधारण दोनशे ते तीनशे रुपयांना मिळतं, म्हणजे चारेक हजार. दुरुस्ती आणि मळ अडवणाऱ्या जाळ्या मिळून आणखी दोन-तीन हजार. सगळं धरून महिन्याला अडीच हजार. हे तुमच्या उत्पन्नात बसतं. महागडीचा हाच हिशेब महिन्याला साडेचार हजारांच्या वर जातो.

महागड्या मशीनमध्ये जास्त काय असतं? गोंगाटात बोलणं वेगळं काढायची ताकद जास्त, जागा बदलली की आपोआप सेटिंग बदलतं, फोन आणि टीव्हीचा आवाज थेट कानात येतो. रोज बैठका असणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. तुमचा दिवस घरात, देवळात, फोनवर नातवाशी आणि महिन्याकाठी एखाद्या लग्नात जातो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना तीन खुर्च्यांपलीकडचं बोलणं कितीही महागडं मशीन स्वच्छ काढून देत नाही. तुम्ही लिहिलंय की संवाद कळत नाहीत म्हणून ‘सानंद’ या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकांना जाणं सोडलंत. ते वाचून फार वाईट वाटलं. पण त्यासाठीही सव्वा लाख जास्त घालायची गरज नाही. पुढच्या रांगेतली जागा धरा, आणि मधल्या मशीनला टीव्हीजवळ किंवा बोलणाऱ्याजवळ ठेवायचा छोटा माइक जोडता येतो का ते विचारा. तो वेगळा विकत मिळतो.

एकच कान आत्ता, दुसरा पुढे, हेही नको. तुमचे दोन्ही कान सारखेच गेले आहेत. हाक कुठल्या बाजूने आली ते कळायला आणि गलक्यात बोलणं पकडायला दोन्ही कान लागतात. महागडं एक घेण्यापेक्षा मधली दोन नक्कीच बरी.

अडीच हजारांच्या मशीनबद्दल शेजारणीचा राग धरू नका, तिने आपुलकीनेच दाखवलं. पण वयाने बहुतेकांचे आधी जातात ते बारीक, उंच आवाज: स, श, फ, थ. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलला ते कळत नाही. स्वस्त यंत्र सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. पंखा, कुकरची शिट्टी, भांड्यांचा खडखडाट आधी डोक्यात जातो आणि यंत्र आठवडाभरात कपाटात. खऱ्या मशीनमध्ये तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे कुठला आवाज किती कमी ऐकू येतो त्या आलेखाप्रमाणे, जिथे जेवढं कमी, तिथेच तेवढं वाढवतात. तुमचे पैसे खरे त्या जुळवणीसाठी आहेत.

म्हणूनच पुण्यात घ्यायलाही मी नाही म्हणेन. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच वेळा तरी सेटिंग बदलावं लागतं, कारण इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला हळूहळू सवयीचे होतात. काही कंपन्या मोबाइलवरून दुरून सेटिंग करून देतात, पण अडकलेला मळ दुरून निघत नाही. मशीन इंदूरमध्ये घ्या, आणि रिक्षाने एकटीला जाता येईल अशाच ठिकाणी. मुलाचे पैसे नाकारूही नका. त्याला द्यायचेच असतील तर वाढीव वॉरंटी किंवा तो माइक त्याच्याकडून घ्या, आणि मशीन चाचणीसाठी घरी आणाल तेव्हा चार दिवस येऊन राहा म्हणावं. तो घरात असताना मशीनची खरी परीक्षा होईल.

शिबिरातल्या तपासणीवर एवढा खर्च ठरवू नका. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, सरकारी एम.वाय. रुग्णालयातही तो विभाग आहे. कधी नुसता मळ असतो, कधी पडद्याचा दोष. मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, पुन्हा ऑडिओग्राम करून घ्या आणि तो कागद स्वतःकडे ठेवा, म्हणजे दोन ठिकाणचे भाव विचारता येतील. चाचणीसाठी मशीन घरी न्यायला मागा. दुकानाच्या शांत खोलीत सगळीच मशीनं छान वाटतात. घरी कुकर लावा, पंखा चालू ठेवा, आणि काकांना पाठीमागून बोलायला सांगा. राजवाड्यापाशी रिक्षा ठरवताना ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’ हे कळतंय का बघा. सेल घालून बघा: ३१२ नंबरच्या सेलवरचा तपकिरी स्टिकर काढायचा, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बारीक दार उघडून आत बसवायचा. बोटांना हे जमत नसेल तर चार्जिंगचं घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून कुणी महागडं विकू लागलं तर तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा एक टाळता येण्याजोगा धोका मानला जातो, हे खरं. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत सगळ्यांना मिळून फरक दिसला नाही; ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांचीच घसरण मंदावली. मशीन किती महाग यावर तर त्यात काहीच नव्हतं.

परतावा काय मिळेल, तर जवळजवळ काही नाही. मेडिक्लेममध्ये अशी बाहेरून लावायची साधनं सहसा वगळलेली असतात; एकदा पॉलिसी वाचून घ्या. करात वाचण्यासारखंही काही नाही, कारण पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या थोडं वर आहे आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. कायद्याने अपंगत्वाची मर्यादा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते, त्यात तुम्ही आज बसत नाही. कानाच्या मशीनवर जीएसटी मात्र शून्य आहे; बिलात लावला तर विचारा. आणि ओळखीत महिन्याला १५ हजारांच्या आत उत्पन्न असलेलं कुणी ज्येष्ठ असेल, तर त्यांना राष्ट्रीय वयोश्री योजनेबद्दल नक्की सांगा. त्यात कानाचं मशीन मोफत मिळतं.

पैसे दोन महिन्यांनी मुदत संपणाऱ्या एफडीतून घ्या. तपासणी, चाचणी, भाव यांत तेवढा वेळ जाईलच. दोन लाखांतले १ लाख १५ हजार मशीनला. २५ हजार बचत खात्यात वेगळे धरा, मशीन हरवलं किंवा बिघडलं तर. उरलेले ६० हजार पुन्हा ठेवा. आणि तिमाही व्याज आलं की त्यातून महिन्याला दोन हजारांची पाच वर्षांची आरडी सुरू करा. मुद्दलच १ लाख २० हजार होईल, वर व्याज. पुढची जोडी त्यातून.

बिलावर दोन्ही मशीनचे सिरियल नंबर, वॉरंटीची वर्षं, किती सेटिंग फुकट आणि न पटल्यास परत घेण्याची मुदत लिहून घ्या. तोंडी कबुलीवर राहू नका. आणि या आठवड्यातच बँकेत जाऊन त्या एफडीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे का ते बघा. असेल तर आत्ताच काढून टाका, नाहीतर मुदत संपली की ती पुन्हा अडकून बसेल.