कोचला काढा म्हणण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. भारताची फुटबॉल टीम ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरल्यावर तू जे काही लिहिलंयस त्यातलं निम्मं तुझ्या आईला दाखवता येणार नाही, पण राग बरोबर आहे. बावीस वर्षांनी हरलो आपण त्यांच्याकडून. आणि त्याच्या महिनाभर आधी गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरनं आपल्याच मैदानावर २-१ हरवून एशियन कपला जायचं दार बंद केलं होतं, म्हणजे ढाक्याची मॅच तशी नावापुरतीच होती, तरी तीही घालवली. तुझं म्हणणं एकच, कोच खालिद जमीलला काढा. आधीच्या कोचांच्या, स्टिमॅकच्या वेळी हेच म्हणालीस, मानोलोच्या वेळी पण हेच. तेव्हा तू नुसती फॅन होतीस म्हणून मी काही बोललो नाही, आता कोचिंगचं डी लायसन्स करून बसलीयेस, उद्या कोल्हापुरातल्या कुठल्यातरी शाळेची नाहीतर तालीम मंडळाची टीम हातात येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पुढं कधी तुलाही कुणीतरी "काढा हिला" म्हणणारच आहे.

हे बघ, इथं दोन प्रश्न आहेत आणि आपण सगळे ते एकत्र कालवतो. रँकिंगमध्ये आपण १४२ वर का घसरलो हा एक. आणि त्या दिवशी, त्या मॅचमध्ये, समोर ती टीम असताना का हरलो हा दुसरा. पहिल्याचं खापर कोचवर फोडणं बरोबर नाही. दुसऱ्याचं मात्र त्यानं दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही.

पहिला आधी घेऊ. आपल्याकडं इतकी वर्षं गोल कोण मारत आला? सुनील छेत्री. जून २०२४ मध्ये कोलकात्याला कुवेतविरुद्ध ०-० करून तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ९४ गोल होते, आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं, चाळिशीत, आणि परत आल्या आल्या शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोल मारला पण. लोक टाळ्या वाजवत होते, मला मात्र लाज वाटत होती. दीडशे कोटींच्या देशाला नऊ नंबरचा, म्हणजे स्ट्रायकरच्या जागेचा, दुसरा माणूस मिळत नाही याचं कारण शोधायला रॉकेट सायन्स लागत नाही, आयएसएलच्या, म्हणजे आपल्या मुख्य लीगच्या, कुठल्याही टीमची शीट काढून बघ, पुढं परदेशी स्ट्रायकर, त्याच्या मागं दहा नंबरवर परदेशी, डिफेन्सच्या मध्यभागी परदेशी. आपली पोरं विंगवर नाहीतर फुलबॅक. क्लबचा दोष नाही म्हणत मी, त्यांना या सीझनला जिंकायचंय, पण मग नॅशनल कोचला वर्षातून चारपाच वेळा जे काही दिवस मिळतात त्यात तो स्ट्रायकर कुठून पैदा करणार?

त्यात आजूबाजूचे देश बदललेत. फातोर्ड्याला आपल्याला दोन्ही गोल मारणारा साँग उई-यंग मूळचा दक्षिण कोरियाचा, सिंगापूरचं नागरिकत्व घेऊन खेळतो. बांगलादेशकडं इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीचा हमझा चौधरी आहे. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळं बाहेर वाढलेल्या भारतीय वंशाच्या पोराला आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो, मगच निळी जर्सी. हा कायदा चांगला की वाईट तो वेगळा विषय, पण तो कोचच्या हातात नाही एवढं तरी मान्य कर.

आणि २०२५ चं तर बोलायलाच नको. जुलैत आयएसएलच होल्डवर गेली, फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, काही क्लबनी पगार थांबवले, सराव थांबवला. ऑगस्टला जमीलनं सूत्रं घेतली ती या अवस्थेत. मध्य आशियातल्या सीएएफए नेशन्स कपला मोहन बागान क्लबनं खेळाडू सोडले नाहीत, तरी त्याची टीम तिसरी आली, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवलं. तेव्हा तूच स्टेटसला त्याचा फोटो लावला होतास, आठवतंय का.

आता दुसरा हिशोब, आणि इथं मी कोचला सोडत नाही. २६ मार्च २०२४, गुवाहाटी, वर्ल्ड कप क्वालिफायर, कोच स्टिमॅक, छेत्रीची १५०वी मॅच. समोर अफगाणिस्तान, आणि कुठलं अफगाणिस्तान, तर ज्यांचे बरेचसे मुख्य खेळाडू स्वतःच्या फेडरेशनशी भांडून आलेच नव्हते. छेत्रीनं पेनल्टीवर १-० केलं, आणि आपण १-२ हरलो. तिथं स्ट्रायकर नाही, लीग नाही, नागरिकत्वाचा कायदा असा आहे, यातलं एकही कारण चालत नाही, कारण त्यांच्याकडं यातलं आपल्याहून जास्त काहीच नव्हतं. एका गोलनं पुढं असताना टीम मागं मागं सरकत गेली तर तिला वर ढकलणं, मिडफिल्डमध्ये बॉल टिकत नसेल तर वेळेत बदल करणं, हे बेंचवरनंच होतं. ते कोचचं काम आहे, त्याचेच त्याला पैसे मिळतात. रेशनच्या तांदळाची बिर्याणी होणार नाही हे मान्य, पण भात करपला तर तो रेशन दुकानदारानं करपवलेला नसतो.

पुढं दोह्यात कतारनं जो गोल केला तो आपल्यावर अन्यायच होता, बॉल लाइनच्या बाहेर गेलेला अख्ख्या जगानं पाहिला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती, रेफ्रीनं गोल दिला. त्यावर दोन महिने चर्चा झाली. पण कतारमध्ये जाऊन जिंकायची पाळी आलीच का, तर अफगाणिस्तानबरोबरच्या दोन मॅचमध्ये मिळून एकच पॉइंट घेतला आणि कोलकात्यात कुवेतविरुद्ध गोल झाला नाही म्हणून. याच्यावर कुणी दोन मिनिटंही बोललं नाही. तुला अन्याय झाला की आधी मागच्या तीन मॅच बघायच्या, ही सवय आत्ताच लावून घे.

स्टिमॅकबद्दल माझं मत फार कडक आहे असं तुला वाटेल. माणूस क्रोएशियाच्या १९९८च्या टीममधला, वर्ल्ड कपला तिसरे आले होते ते, फुटबॉल त्याला कळत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. २०२३ला त्यानं तीन ट्रॉफ्या जिंकून दिल्या, इंफाळ, भुवनेश्वर, बंगळुरू, रँकिंग ९९ झालं. तिन्ही घरच्या मैदानावर, हे मात्र तेव्हा कुणी ऐकून घेत नव्हतं. मग जानेवारीत एशियन कप, ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१, तीन मॅच आणि गोल शून्य. हरण्याचं मला एवढं काही वाटलं नाही, खटकली ती प्रेस कॉन्फरन्स. दर वेळी काय तर सिस्टिम, ग्रासरूट, लीग, कॅम्पला दिवस मिळत नाहीत. सगळं खरं होतं गं! पण हे सगळं त्याला २०१९ला सही करताना दिसत होतं आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये २०२६पर्यंत करार वाढवून घेताना तर जास्तच दिसत होतं. वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी स्वतः जातो असंही तो बोलला होता, शेवटी जून २०२४ला त्याला काढावंच लागलं. (ज्योतिषाला टीमची यादी पाठवल्याची बातमी इंडियन एक्सप्रेसनं छापली होती ती तुला माहीत असेलच, त्यावर मी काही बोलत नाही, माझं बीपी वाढतं.)

मानोलो मार्केझचं उलटं. माणूस सरळ, कारणं कमी सांगायचा, बांगलादेशबरोबर शिलाँगला ०-० झालं तेव्हा स्वतःच भडकला होता. पण एकाच वेळी एफसी गोवा आणि देशाची टीम, हे त्यानं घ्यायलाच नको होतं आणि फेडरेशननं द्यायला तर अजिबातच नको होतं. आठ मॅच आणि जिंकली एक, तीही मालदीवविरुद्ध. हाँगकाँगला आशिक कुरुनियननं समोरचा चान्स घालवला आणि शेवटच्या मिनिटांत आपण पेनल्टीवर गोल खाल्ला, कोच काय आत जाऊन बॉल मारणार होता का? नाही ना. पण ज्या माणसाचं अर्धं डोकं क्लबच्या पुढच्या मॅचमध्ये आहे त्याच्यावर हा प्रश्न उठणारच, आणि तो त्यानं स्वतःहून ओढवून घेतला.

आता फेडरेशनचं. कोच काढला की वरच्यांना सहा महिने शांतता मिळते, हा कोच बदलण्याचा खरा उपयोग. २०२३च्या हांगझोऊ एशियन गेम्सला टीम मॅचच्या आदल्या दिवशी पोचली आणि दुसऱ्या दिवशी चीनकडून १-५ हरली, क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते म्हणून टीमच शेवटपर्यंत ठरत नव्हती. त्याची जबाबदारी कुणी घेतली? मला तरी आठवत नाही. म्हणून म्हणतो, "कोच हटाव" ओरडताना तू नकळत कुणाचं काम सोपं करतेस ते बघ.

पण म्हणून सगळं सिस्टिमवर टाकून मोकळं पण व्हायचं नाही. १९६२ची जकार्ता एशियन गेम्स घे. सेंटर हाफ जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले, डिफेन्समध्ये दिवसभर हेडर घेणं अवघड, तर कोच रहीम साहेबांनी त्याला बसवला नाही, सेमीफायनलला सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढं पाठवला. त्यानं सेमीला गोल मारला, फायनललाही मारला, दक्षिण कोरियाला २-१ हरवून गोल्ड आणलं. तेव्हा कुठली अकॅडमी होती, कुठला डेटा अॅनालिस्ट होता? रहीम साहेब स्वतः आजारी होते, पुढच्याच वर्षी कॅन्सरनं गेले. आहे त्या माणसांत कोण कुठं खेळू शकतो हे ज्याला दिसतं तो कोच, एवढीच माझी व्याख्या आहे, बाकी लायसन्स वगैरे कागद.

आणि लांब कशाला, तुझ्याच बाजूचं बघ की. ५ जुलै २०२५, चियांग माई, आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्या घरी २-१ हरवलं, संगीता बसफोरचे दोन्ही गोल, आणि क्वालिफायर खेळून पहिल्यांदा एशियन कपला गेल्या. तेव्हाचा कोच क्रिस्पिन छेत्री, आपल्याच देशातला. फेडरेशन तीच, उलट मुलींच्या लीगला पैसा आणि मॅच दोन्ही कमी. मुलांची आणि मुलींची स्पर्धा सारखी नाही हे मला कळतं, पण थायलंड तिकडं फेव्हरिट होतं आणि त्याच थायलंडकडून महिनाभर आधी आपली मुलांची टीम ०-२ हरून आली होती. तेवढ्यात तरी काहीतरी शिकण्यासारखं आहेच ना?

जमीलबद्दल विचारलंस म्हणून सांगतो, मी त्याला अजून वेळ देईन. मुंबईच्या मैदानावर वर्षानुवर्षं काढलेला माणूस आहे, आयझॉलसारख्या क्लबला आय-लीग जिंकून दिली त्यानं २०१७ला, कमी पैशात टीम कशी चालवायची हे त्याच्याइतकं फार कमी जणांना येतं. पण फातोर्ड्याचं उत्तर त्यालाच द्यायचंय. सिंगापूरमधल्या मॅचला आपला डिफेंडर झिंगनला रेड कार्ड मिळून दहा जणांत आपण १-१ काढली, मग घरी छांगतेनं चौदाव्या मिनिटाला पुढं नेलं, आणि तिथनं हाफटाइमच्या तोंडावर गोल खाल्ला, मग परत दुसरा. झिंगन सस्पेंड होता हे आधीच माहीत होतं, त्याच्या जागेची तयारी करायला पाच दिवस होते. तिथं लीग बंद असल्याचा मुद्दा काही अंशी बसतो, पोरं मॅच फिट नव्हती, पण पूर्ण नाही बसत.

तुला टीम मिळाली की पहिल्या मीटिंगलाच विचार, सरावाचे दिवस किती, मैदान कधी मिळणार, खेळाडू निवडताना कुणी मध्ये बोलणार का. आपल्याकडं तालमीत बोलणारे भरपूर असतात, शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसलेला प्रत्येकजण सिलेक्टर असतो. पटलं नाही तर नाही म्हण, त्यात कमीपणा काही नाही. पण एकदा हो म्हटलंस की मग मैदान खराब होतं, रेफ्री त्यांचा होता, अमुक पोरगी परीक्षेमुळं आली नाही, हे मॅचनंतर पोरींसमोर बोलायचं नाही. कमिटीपुढं बोल, भांड, लेखी दे. पोरींसमोर फक्त आपण काय चुकीचं केलं तेवढंच, आणि त्यातही स्वतःचं आधी.

आता काम देतो. फातोर्ड्याची मॅच परत बघ, पूर्ण, हायलाइट्स नकोत. चौदाव्या मिनिटापासून चव्वेचाळीसाव्यापर्यंत आपली मिडफिल्ड लाइन कुठं उभी होती ते दर पाच मिनिटांनी कागदावर मांड, आणि तू बेंचवर असतीस तर कुठल्या मिनिटाला कुणाला बदललं असतंस ते कारणासकट लिही. रविवारपर्यंत पाठव. व्हॉइस नोट नको, मागच्या वेळी अकरा मिनिटांची पाठवली होतीस, आणि तीन पानांच्या वर जाऊ नकोस.

बाबांना नमस्कार सांग.

तुझे सर