संभाजीनगरात राहून सायकलिंगचे व्हिडिओ शूट करून पोट भरतं का?

भरतं, पण नुसत्या सायकलींवर नाही, लग्नाच्या ऑर्डरी एवढ्यात सोडू नको. मी म्हैसमाळच्या घाटात शूट करतो, उजाडायच्या आत कॅमेरा लावून बसायचं कारण नऊनंतर आपल्याकडचं ऊन सगळं पांढरंफटक करून टाकतं. सेकंदाला २५ फ्रेम घेत असशील तर शटर १/५० सेकंदावर ठेव म्हणजे चाक फिरल्यासारखं दिसतं, नाहीतर आरे थिजल्यागत वाटतात, अन् उन्हात त्याला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची उजेड कमी करणारी काळसर काच, लागतोच. मागं एकदा बाइकवर उलटं बसून शूट करताना खड्ड्यात आदळलो, लेन्स गेली, पार्टीनं हात वर केले. तेव्हापासून अर्धे पैसे आधी घेतो, पेट्रोल अन् एडिटिंगचे वेगळे. अन् हो, देवगिरी किल्ल्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवू नको, पुरातत्त्ववाले सोडत नाहीत.