पुढच्या प्लेस्टेशनमध्ये डिस्क चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे प्लेस्टेशन ४ च्या खेळांच्या बऱ्याच डिस्क आहेत. पुढच्या यंत्रात डिस्कची सोयच नसेल, असे मित्र म्हणतात. हे खरे मानावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्लेस्टेशन हे व्हिडिओ गेमचे यंत्र बनवणाऱ्या सोनी कंपनीच्या आजवरच्या वाटचालीवरून अंदाज बांधता येतो. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ डिस्कसह आणि डिस्कविना अशा दोन रूपांत आले. २०२३ च्या सडपातळ आवृत्तीत डिस्क ड्राइव्ह, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, काढता-घालता येऊ लागला, आणि २०२४ च्या प्रो आवृत्तीत तो मुळातच नव्हता, वेगळा विकत घ्यावा लागत होता. त्यामुळे पुढच्या यंत्रातही ड्राइव्ह स्वतंत्र जोडणी म्हणूनच मिळेल, असे मला वाटते. एकच मूळ यंत्र बनवणे कंपनीला सोयीचे असते.

मात्र हा सुटा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो, ही अट मला खटकते, कारण ही नोंदणी-सेवा उद्या बंद झाली तर नवा ड्राइव्ह निरुपयोगी ठरेल. डिस्क मित्राला देता येते, जुनी म्हणून विकता येते. डाउनलोड केलेल्या खेळाचे तसे नाही.

प्लेस्टेशन ४ चे बहुतेक खेळ प्लेस्टेशन ५ वर चालतात. तेव्हा डिस्क विकण्याची घाई करू नका.