नोटीस देवापुढे उघडा, आणि घरातही

"देवावर भार टाका म्हणता, पण कर्ज काय देव फेडणार आहे?" सोलापुरात हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणाऱ्या एका ख्रिस्ती भावांनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुताचे भाव चढले, माल पडून राहिला, हप्ते थकले. बायकोचे दागिने मोडून बँकेत भरले, तरी ६० दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर तारण जप्त करू, अशी बँकेची नोटीस आलीच. ती त्यांनी सुताच्या बिलांच्या फाइलीत दडवली. "वाटलं, मी एकटा निभावून नेईन. आता काही सुचंना झालंय, ताई."

मी सरळच विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" ते "हो" म्हणाले. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. पत्नीला बोलावून घेईपर्यंत मी त्यांना जाऊ दिलं नाही. मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं.

पुढच्या भेटीत बायबलमधला हिज्कीया राजा काढला. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूर साम्राज्याचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा राज्यावर चालून आला. ४६ तटबंदीची शहरं घेतली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. हिज्कीयाने ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं भरलं, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा उतरवलं. तरी सैन्य यरुशलेमेच्या वेशीवर आलंच. वर टोमणा: २००० घोडे देतो, बसायला स्वार आहेत का?

"म्हणजे सोनं देऊनही सुटला नाही," भाऊ हळूच म्हणाले. त्यांच्या पत्नीने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीयाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं. यशया संदेष्ट्यालाही निरोप धाडला. त्याआधी तट बांधून घेतला, झऱ्याचं पाणी शहरात वळवलं. तो पाचशे मीटरहून लांब बोगदा आजही यरुशलेमेत आहे. आणि लोकांना सांगितलं, सन्हेरीबाकडे माणसाचं बळ आहे, आपल्याकडे आपला देव. हात त्याने थांबवले नाहीत, भिस्त मात्र त्या हातांवर ठेवली नाही. सन्हेरीबाला यरुशलेम घेता आलं नाही.

'विश्वास कमी पडला म्हणून कर्ज झालं' असं चर्चच्या मंडळीतलं कुणी बोललं की मला राग येतो. हिज्कीयाचा विश्वास कमी नव्हता, शत्रू मोठा होता.

त्या रात्री दोघांनी नोटीस जमिनीवर पसरून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. अशा नोटिशीवर कर्जदाराने लेखी म्हणणं दिलं तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. आठांपैकी चार माग विकले, हप्ते लांबवून मिळाले. कर्ज अजून आहे. झोप मात्र लागू लागली आहे, आणि बँकेची पत्रं आता दोघं मिळून उघडतात.

तुमच्या घरात कुणी असं कोंडून घेतलं असेल, तर पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) बोलवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोनही करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.