दहा गुंठे आहेत, पण मंगळवारी कोण येणार?

तू विचारलंयस की कॉलेज संपलंय, चौघं मित्र आहात, वडिलांची कोल्हापुरात बावडा-शिये रस्त्याला दहा गुंठे जागा पडून आहे, तिथं जखमी, बेवारस जनावरांसाठी शेल्टर काढायचं तर शेड आणि जाळीला किती खर्च येईल. जाळीचं शेवटी सांगतो. मी पोटासाठी उद्यमनगरात लेथ चालवतो आणि अकरा वर्षं या कामात आहे. आज आमच्याकडं २६ कुत्री, ७ मांजरं आणि एक लंगडं गाढव आहे. वयानं मोठा म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

आधी मला सांग, मंगळवारी दुपारी कोण येणार?

रविवारी सगळे येतात. एका पिल्लाला चौघं मिळून आंघोळ घालतात, फोटो निघतात, वडापाव होतो. पण हायवेवर कंबर मोडलेलं कुत्रं घरात आलं की त्याची लघवी दिवसातनं तीन-चार वेळा पोट दाबून काढावी लागते. नाहीतर ती तुंबते, संसर्ग होतो आणि कंबर बरी व्हायच्या आधी कुत्रं त्यानंच जातं. त्याला रविवार-मंगळवार कळत नाही. आमच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीत सगळी पोरं गावाला गेली. ३१ जनावरं आणि आम्ही दोघं. पाडव्याला रात्री अकरा वाजता मी भांडी घासत होतो आणि घरातनं सतरा मिस्ड कॉल. त्या आठवड्यात एक मांजर दोन दिवस जेवली नव्हती, हे आमच्या लक्षातच आलं नाही. ती गेली. कुणी मारली नाही, कुणी बघितली नाही, एवढंच.

म्हणून कागद घे. सात वार, सकाळ आणि संध्याकाळ, चौदा खाने. प्रत्येक खान्यात दोन नावं लिही, कारण एकाला ताप येतो किंवा त्याच्या बहिणीचं लग्न असतं. तुम्ही चौघं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला सात पाळ्या. नोकरी लागली की त्यातले किती टिकतील, ते आजच एकमेकांना खरं सांगा. आमचा अनुभव असा की एका पाळीत एक माणूस आठ जनावरांचं नीट बघतो. नीट म्हणजे खाणं, शी-लघवी, औषध, जखम आणि वहीत नोंद. त्याच्यावर गेलं की नुसतं खाणं टाकणं होतं. तुझ्या शेल्टरचा आकार गुंठ्यांवर नाही, या कागदावर ठरतो.

आणि खरं सांगू, पहिलं वर्ष शेड बांधूच नको. येणाऱ्या फोनमधल्या निम्म्याहून जास्त जनावरांना शेल्टर लागतच नाही. पावसाळ्यात अळ्या पडलेली जखम असते. डॉक्टरांना दाखवून, अळ्या काढून, एक दिवसाआड ड्रेसिंग केलं तर ते कुत्रं आपल्याच गल्लीत बरं होतं. तिथं त्याला भाकरी घालणारी आजी असते, तिलाच हाताशी धर. खरूज असली तर गाडीचं जळकं ऑइल लावणाऱ्याला आधी थांबव. ते कातडीतनं आणि चाटून पोटात जातं. गाई-म्हशींसाठी सरकारचा १९६२ हा फोन आहे, फिरतं पथक येतं.

‘आमच्या गल्लीतली कुत्री घेऊन जावा’ हा फोन रोज येईल. घ्यायची नाहीत. २०२३ च्या नियमांप्रमाणं नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं कुत्रं जिथनं उचललं तिथंच सोडायचं असतं. त्यात शहाणपण आहे. खरकटं तिथंच राहतं, त्यामुळं रिकाम्या गल्लीत पलीकडची कुत्री येतात आणि ती नसबंदी न झालेली असतात. फोन करणाऱ्याला हे तीनदा समजवावं लागतं, चौथ्यांदा तो शिव्या देतो. ऐकून घ्यायच्या.

ऊसतोड सुरू झाली की ‘बिबट्याची पिल्लं सापडली’ असाही फोन येईल. आपल्याकडं बहुतेक वेळा ती रानमांजराची असतात. हात लावायचा नाही, वनखात्याला १९२६ वर कळवायचं, तोवर तेवढा तुकडा तोडायचा थांबवायला सांगायचं. आई रात्री येऊन उचलून नेते. एकदा एका पोरीनं मायेनं ती पिल्लं घरी नेली आणि गाईचं दूध पाजलं. पुढचं लिहीत नाही.

आता जे माझ्या हातनं झालं ते. एका डिसेंबरात सकाळी दारात खोकं, आत पाच पिल्लं, गारठलेली. मला दया आली आणि मी ती सरळ आतल्या पिल्लांत नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी एकाला रक्ताची हगवण लागली. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा रोग. अकरा दिवसांत नऊ पिल्लं गेली. त्यात आमची चार होती, ज्यांना घरं ठरलेली होती. त्यांतल्या एका घरातल्या लहान मुलानं नाव पण ठेवून ठेवलं होतं. तेव्हापासनं दाराजवळची खोली वेगळी. नवीन जनावर चौदा दिवस तिथंच. त्या खोलीची चप्पल, बादली, झाडू वेगळं, आणि त्यांचं काम सगळ्यात शेवटी करायचं, म्हणजे रोग त्यांच्याकडनं इकडं येत नाही. फिनेलनं पार्व्हो मरत नाही. वर फिनेल मांजरांना विष आहे. आधी धुऊन घाण काढायची, मग साधं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटं तसंच ठेवायचं. पण हे कोब्यावर चालतं, मातीत नाही. मातीत तो विषाणू कित्येक महिने टिकतो. म्हणून कधी बांधशील तेव्हा छपरावर पैसे कमी घाल, उताराचा कोबा आधी कर.

गारठलेल्या पिल्लाला आल्या-आल्या दूध पाजायचं नाही, हेही लिहून ठेव. आधी ऊब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. अंग गरम झाल्यावर पोटावर ठेवून पाजायचं, उताणं कधीच नाही.

तुम्ही चौघांनी रेबीजची आगाऊ लस घ्या, डॉक्टर दिवस ठरवून देतील. ती घेतलेली असली तरी चावल्यावर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन पुढचे डोस घ्यायचेच. आमच्यातला एक जण ‘ओळखीचं कुत्रं हाय’ म्हणून चार दिवस फिरला. त्याला मी गाडीवर बसवून नेला.

पैशाचं थोडक्यात. आमच्या कुत्र्यांना तांदूळ आणि चिकनच्या दुकानातनं मिळणारी मुंडी-पाय शिजवून दिवसाला डोकी साधारण २५ रुपये पडतात, म्हणजे महिन्याला वीस हजाराच्या आसपास. डॉक्टरांचं बिल त्यापेक्षा कधी कमी, कधी दुप्पट. लोकांचे पैसे घ्यायचे तर धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट नोंदवा. तोवर वर्गणी आपापसातच ठेवा, कारण हिशेबावरनं जेवढ्या दोस्त्या तुटल्या तेवढ्या कुत्र्यांवरनं नाही.

बाहेर पाठवायची वाट नसेल तर आत घेऊच नका. दत्तक मागणारे लॅब्रेडोर मागतात, गावठी म्हटलं की ‘विचारून सांगतो’, आणि मादी असली तर फोनच बंद. भाड्याच्या घरात देताना घरमालकाशी मी स्वतः बोलतो. तिसऱ्या आणि पंधराव्या दिवशी फोन करतो. परत आलं तर ‘का आणलं’ न विचारता घेतो, नाहीतर लोक रात्री रंकाळ्यावर सोडून जातात.

जागेचं राहिलं. शिये रस्ता म्हणतोस, तर शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवेसुद्धा बंद पडला. पूर इशाऱ्याच्या आकड्यावर आला की आम्ही दोन टेम्पो सांगून ठेवतो. त्यानंतर टेम्पोवाला येत नाही, आला तरी रस्ता नसतो. पाणी तुझ्या बांधावर आलं असेल तर तिथं कायमचं काही बांधू नको.

आता जाळी. सहा फूट उंच घे, आणि खाली दीड फूट जमिनीत गाड, कुत्री उकरतात. दर लक्ष्मीपुरीत दोन-तीन दुकानांत विचार, महिन्याला बदलतो. आणि फाटकं दोन कर, एकामागं एक, मध्ये माणूस आणि बादली मावेल एवढी जागा सोडून. आमच्याकडं एकच होतं. दूधवाला आत आला, दार उघडं राहिलं, आणि तीन पायांची चंपी त्याच्या गाडीमागनं पार कसबा बावड्यापर्यंत गेली.